रोगण लावायच्या आधी

बुलढाण्यात त्या काळी एक चित्रकार राहायचा. लोक त्याले पेंटर म्हणत अन् त्याचं डोकं फिरे. "मी पेंटर नाही, चित्रकार आहे," असं तो प्रत्येकाले सांगे, अन् ऐकणारा मान हलवून म्हणे, "बरं, पेंटरसाहेब." मीही तेच म्हणायची, अन् मुद्दाम म्हणायची. तो माणूस मले पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आज इतक्या वर्षायनं लिहायले बसली तरी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुण्याकडचा होता. तिकडे लेकरायच्या पुस्तकात चित्रं काढायचा. बायकोले इकडे मास्तरणीची नोकरी लागली म्हणून हाही तिच्या मागं आला अन् इथं अडकला. महाराष्ट्र नवानवा झाला होता. सरकारी पाट्यायवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून नवं घालायचं काम निघालं होतं, ते त्याले मिळालं. ससे अन् पऱ्या काढणारा हात दिवसभर शिडीवर चढून अक्षरं रंगवून राह्यला होता, अन् त्याचा राग तो उभ्या बुलढाण्यावर काढे. आमच्या बोलीवर तं त्याचा खास डोळा. मी दारात "भाजी घ्या वो" म्हटलं की आतून तो बायकोले ओरडून सांगे, "आले बघ तुझे मले-तुले!"

आमचा भाजीचा मळा देऊळघाटाच्या वाटेवर होता. मी सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन शहरात येई. त्याची बायको माझी बांधलेली गिऱ्हाईक, बोलायले गोड. तिच्यामुळंच मी त्या घराची पायरी चढली. नाहीतं त्याच्या दारात मी थुंकायलेही गेली नसती.

पण अडला हरी. माझं काय अडलं होतं ते सांगते.

मले एकच पोट्टी. ती रांगत होती तवा तिचा बाप गेला. ती चालायले लागली तवा तिले गोवर निघाला, अन् गोवर जाताना कान घेऊन गेला. ऐकूच येत नाही तं बोलणार काय? आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येणार! डोळे मात्र असे तल्लख की टोपल्यातली एक जुडी कोणी उचलली तं सगळ्यात आधी तिले कळे. घरात तिले कोणी 'मुकी' म्हणे, कोणी 'येडी'. माझी सासू 'येडी' म्हणे, अन् मोठी जाऊ सासूच्या होले हो करे.

सहा वर्षांची झाली तवा मी तिले गावच्या शाळेत घेऊन गेली. हेडमास्तर ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरून राह्यले होते. पोट्टीकडे त्यायनं पाह्यलंही नाही.

"वो बाई, ही मुकी हाये का येडी, हे मले आधी कळू दे," म्हणाले. "मुकीले मी मागच्या रांगेत बसवीन. येडीले नाही बसवत. उद्या तिनं कोणाचा डोळा फोडला तं निस्तरन कोण?"

"येडी नाही गुर्जी ती."

"तू माय हाये तिची. तू असंच म्हणशीन. दिवाळीच्या सुट्ट्या सरल्या की घेऊन ये. मी जे दाखवीन ते तिनं मले सांगावं. सांगतलं तं नाव टाकतो. नाही सांगतलं तं पुन्हा ह्या ओट्यावर चढू नको."

"अवो, तिले बोलता येत नाही तं सांगन कशी?"

"थे तुह्यं तू पाह."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण गरज माझी होती, बोलते काय! पोट्टी शाळेत बसली नाही तं तिचं पुढं काय होणार ते मले लख्ख दिसून राह्यलं होतं. एकदा हेडमास्तरानं येडी म्हटलं की गाव तिले येडीच म्हणणार. मी आहे तोवर ठीक. मी डोळे मिटले की जावेच्या गोठ्यात शेण काढायचं अन् उरलंसुरलं खायचं. मी स्वतः माहेरी चौथीपर्यंत शिकलेली होती. तिले तोंडानं सांगता येत नाही तं हातानं लिहून सांगता यावं, एवढंच मले पायजे होतं, अन् त्याच्यासाठी मी कोणाच्याही पाया पडली असती.

पोट्टीले शाळेचं लय वेड. मी टोपलं घेऊन निघाली की ती शाळेच्या खिडकीखाली जाऊन उभी राही. आत पोरं पाटीवर काय करतात ते पाही अन् घरी येऊन फुटक्या पाटीच्या तुकड्यावर तसंच करे. रेघोट्या मारायच्या, अंगठ्याले थुंकी लावायची, पुसायचं, पुन्हा रेघोट्या. पाटीले थुंकी लावली की विद्या रुसते, म्हणून मी तिच्या हातावर चापट मारायची. आमच्या वक्ताले आमचे मास्तरही हेच सांगत, अन् आम्हीही थुंकीनंच पुसत होतो.

तवा माझ्या डोक्यात आलं की चित्रांचे पत्ते करावे. गुर्जीनं भाकर दाखवली की पोट्टीनं भाकरीचा पत्ता उचलावा, झालं सांगणं! कापडाच्या दुकानातून पुठ्ठे मागून आणले. आगपेटीवरची, बियाण्याच्या पाकिटावरची, जुन्या कॅलेंडरावरची चित्रं कापून खळीनं चिकटवली. मले वाटलं, काय झकास काम झालं. पोट्टीनं ते पत्ते हुंगले, एक चाटून पाह्यला, अन् बाकीच्यायचं घर बांधलं. दुसरं काही केलं नाही. मंग मात्र मी नाक मुठीत धरून पेंटरकडे गेली.

तो जेवून बसला होता. मी पत्ते त्याच्यापुढं मांडले अन् सगळं सांगतलं. त्यानं एकेक पत्ता दोन बोटात असा धरला की जसा मेलेला उंदीर धरून राह्यला.

"हे काय आहे?"

"सिंह."

"तुमच्या घरात सिंह आहे?"

"नाही. सासू हाये."

आत त्याची बायको फसकन हसली. तो हसला नाही.

"हे सफरचंद. मुलीनं सफरचंद कधी खाल्लंय?"

"आजारी पडल्याबिगर कोण आणते वो सफरचंद!"

"मोटार. कुठली आहे ही? विलायतेची. तुमच्या गावात अशी मोटार येते?"

"येष्टी येते."

"मग ही पोर तुम्हाला काय सांगणार, डोंबल? तिनं पाहिलेली एक तरी वस्तू आहे का यात? आणि हे काय, गाईच्या मागे डोंगर, डोंगरामागे सूर्य, वर वेलबुट्टी. तिनं नेमकं बघायचं काय? स्वतःला कळत नाही तर निदान लेकराला तरी छळू नका."

मले असं वाटलं की टोपल्यातला भोपळा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. पण मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्याकडे आली. कसं करायचं ते सांगा."

"खाली बसा."

"काय?"

"खाली. जमिनीवर. तुमची मुलगी एवढीच असेल ना? आता बघा समोर. टेबल दिसतंय?"

मी पदर सावरून खाली बसली. "टेबलाचं बूड दिसून राह्यलं."

"तेच तर! तुम्ही वरून बघता, ती खालून बघते. तिला जे दिसतं ते काढायचं. एका पत्त्यावर एक वस्तू. जाड रेघ, आत सपाट रंग, मागे काही नाही. कोपरे गोल कापायचे, नाहीतर डोळ्यात जातील. आणि रोगण, म्हणजे वरचं व्हार्निश, सगळ्यात शेवटी. रोगण लावायच्या आधी पोरीला दाखवायचं. काही चुकलं असेल तर पाण्याचा रंग आहे, दुरुस्त करता येतो. एकदा रोगण बसलं की बदल होत नाही."

जीभ कारल्याची होती, पण डोळा खरा होता. हे मले मान्य करावं लागते, अन् मान्य करतानाही दात-ओठ खाऊन करते.

"तुम्हाला चित्र येतं काढता?"

"रांगोळी येते."

"मग राहू द्या."

त्याच्या बायकोनं मधात पडून ठरवलं की चित्रं तो काढीन अन् त्याच्या बदल्यात भाजी मी टाकीन. तो हो म्हणाला नाही अन् नाहीही म्हणाला नाही. "वस्तू आणून ठेवा," एवढं बोलला. "मी मनाने काढत नाही. समोर बघून काढतो."

मी घरचा तांब्या नेला, विळा नेला, कंदील नेला. बैल टोपल्यात बसत नव्हता, तवा तो म्हणाला, "बैल मी रस्त्यावर पाहीन." भाकर मात्र रोज ताजी पायजे म्हणून मागवली, ती चित्रात किती गेली अन् पोटात किती, ते त्याचं त्याले ठाऊक. शेवटी मी म्हटलं, "अन् एक मायचा पत्ता पायजे." त्यानं मान वर न करता बरं म्हटलं.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या बायकोनं कागदात बांधलेला गठ्ठा माझ्या टोपल्यात ठेवला. तो कुठंशी पाटी रंगवायले गेला होता. घरी येऊन मी ओसरीत बसली, पोट्टीले पुढं घेतलं अन् गठ्ठा सोडला.

खोटं कायले बोलू, पत्ते पाहून माझा राग पळाला. तांब्या आमचाच होता. बुडाशी पोचा हाये, तोही काढला होता. विळ्याची मूठ फुटकी, ती फुटकीच काढली होती. बैल आमच्या शेजाऱ्याचाच, एक शिंग वाकडं असलेला, कुठं पाह्यला त्यानं देव जाणे. पोट्टीनं तांब्याचा पत्ता दोन्ही हातात धरला, माझ्याकडे पाह्यलं, उठली, घरात गेली अन् तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. मंग विळा आणला. मंग कंदील. बैलाचा पत्ता घेऊन तं ती दारातून बाहेरच पळाली अन् शेजारच्या गोठ्याकडे बोट दाखवून नाचाले लागली. मी तिले उचलून घेतलं. किती दिवसायनं मी मोठ्यानं हसली होती.

शेवटचा पत्ता मायचा निघाला. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, नाकात नथ, अन् कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. चेहरा कोणाचाही म्हणून चालला असता, चार रेघायचा. पहिलं दिसत होतं ते कुंकूच.

माझं कपाळ मोकळं होतं अन् हात बोडके होते. त्या माणसानं मले रोज आपल्या दारात पाह्यलं होतं.

पोट्टीनं तो पत्ता माझ्या हातातून घेतला. लय वेळ पाह्यला. मंग उठून चुलीपाशी गेली. तिथं जाऊ भाकरी थापत होती. पोट्टीनं पत्ता तिच्या मांडीवर ठेवला.

"माय व! मलेच माय केलं हिनं!" जाऊ हसून हसून लोळायची राह्यली.

सासू खाटेवरून बोलली, "येडी नाही वो पोट्टी! तिलेही कळते, घराची लक्ष्मी कोण अन् पांढऱ्या पायाची कोण."

मी उठली अन् पत्ता हिसकून आणला. पोट्टीले पुढं बसवलं, पत्ता माझ्या छातीले लावला. मी. मी तुही माय. तिनं मान हलवली. पुन्हा लावला. तिनं पुन्हा नाही केलं, अन् मंग तिचं बोट माझ्या कपाळावर ठेवलं, तिथून उचलून चित्रातल्या कुंकवावर ठेवलं, अन् माझ्याकडे असं पाह्यलं की तुले एवढंही कळत नाही का? ती रांगत होती तवाच माझं कपाळ मोकळं झालं. कुंकवातली माय तिले आठवतच नव्हती. तिच्या बाजूनं ती बरोबर होती, पत्ता खोटा होता. पण हे हेडमास्तराले कोण समजावणार? त्यानं माझ्याकडे बोट दाखवून ही कोण म्हणून इचारलं, अन् हिनं नाही म्हणून मान हलवली, तं तो म्हणणार, जिले माय ओळखू येत नाही ती येडी नाही तं काय!

रंग पाण्याचा होता. बोट ओलं करून मी पत्ता घेऊन बसली. बोट पुढं जाईना. मालक गेले त्या दिवशी चार बायायनं मले धरलं होतं अन् पाचवीनं माझं कपाळ पुसलं होतं. तो अंगठा मले अजून कपाळावर कळतो. तेच काम मी आपल्या हातानं करू? कागदावर असलं म्हणून काय झालं! ज्यानं लावलं त्यानंच काढावं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुलढाण्याले गेली.

"हे कोण?" मी पत्ता त्याच्यापुढं धरला.

"आई."

"कोणाची?"

"आई म्हणजे आई. सगळ्यांची."

"माह्या पोट्टीनं हा पत्ता जावेच्या मांडीवर नेऊन ठेवला."

त्यानं पत्त्याकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मले वाटते माझ्या कपाळाकडे त्यानं त्या दिवशीच पहिल्यांदा पाह्यलं. लगेच नजर खाली घातली.

"कुंकू काढा," मी म्हटलं. "बांगड्या काढा. नथ काढा."

"ते जमणार नाही."

"काऊन?"

"लहान मुलांच्या वस्तूवर मी मोकळं कपाळ काढत नाही. कोणीच काढत नाही. इतकी पुस्तकं केली मी, एकातही नाही. अशुभ दिसतं ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तांब्याचा पोचा दिसला तुम्हाले! विळ्याची फुटकी मूठ दिसली, बैलाचं वाकडं शिंग दिसलं. मनानं काढत नाही म्हणत होते न तुम्ही? समोर पाहून काढतो म्हणत होते न? माय तुमच्या दारात रोज टोपलं घेऊन उभी होती. ती तेवढी मनानं काढली?"

"आवाज खाली करा बाई."

"नाही करत!"

"माझा हात धजत नाही, समजलं? उद्या तुमच्याच घरात काही झालं तर खापर माझ्यावर फोडाल."

"माह्या घरात जे व्हायचं ते होऊन गेलं! आता अजून काय होणार हाये?"

त्याची बायको पडद्याआडून बाहेर आली होती. "द्या ना काढून," ती हळूच बोलली. "तू आत जा," तो तिच्यावर खेकसला. ती आत गेली. मंग माझ्याकडे पाठ करून तो ब्रश धुवायले लागला.

"सल्ला हवा असेल तर देतो. तो पत्ता वगळा. आई काय, समोरच असते. तिचं चित्र कशाला हवं?"

"म्हणजे तांब्या हाये, विळा हाये, बैल हाये. समदं जग हाये, अन् माय नाही. वा रे सल्ला!"

"सल्ला मागायला तुम्ही आलात. मी बोलवायला आलो नव्हतो."

मी पत्ता उचलला अन् निघाली. त्या दिवशी त्या दारात भाजी ठेवली नाही. रस्ताभर मी त्याले शिव्या देत होती, अशा शिव्या की ज्या मले येतात हे मलेच ठाऊक नव्हतं. घरी येऊन पत्ता गोधड्यायच्या चळतीखाली सारून दिला. पोट्टी दारातून पाहून राह्यली होती.

सुट्ट्या सरल्या. मी पोट्टीच्या डोक्याले तेल लावलं, धुतलेलं परकर-पोलकं घातलं अन् बाकीचे पत्ते घेऊन शाळेत गेली. हेडमास्तरायनं आम्हाले वर्गातच बोलावलं. पोरं पाट्या सोडून आमच्याकडे पाहाले लागली.

"हं, दाखव तुही जादू."

पत्ते मी टेबलावर मांडले. पोट्टीची हनुवटी टेबलाच्या कडेले लागत होती. गुर्जीनं कोपऱ्यातल्या तांब्याकडे बोट केलं. तिनं तांब्याचा पत्ता उचलून दिला. खिडकीबाहेर बैलगाडी चालली होती, तिकडे बोट केलं. तिनं बैल दिला. मंग त्यायनं काही न दाखवता नुसतं पोटावरून हात फिरवला अन् तोंड वाकडं केलं. पोट्टीनं जरासं पाह्यलं अन् भाकरीचा पत्ता त्यायच्या हातावर ठेवला. पोरं हसली. मी मनात म्हटलं, घे आता!

पण तो माणूस कसला ऐकतो. "एवढं तं कुत्र्यालेही शिकवता येते," म्हणाला. मंग त्यायनं माझ्याकडे बोट केलं अन् पोट्टीकडे पाहून भुवया उडवल्या. ही कोण?

"तो पत्ता नाही गुर्जी."

"काऊन? समदं जग काढलं अन् माय नाही काढली?"

माझेच शब्द माझ्या तोंडावर आले. गुर्जीनं पुन्हा माझ्याकडे बोट केलं अन् पुन्हा भुवया उडवल्या. पोट्टीनं टेबलावरचे पत्ते एकदा सगळे पाह्यले. मंग पोलक्यात हात घातला अन् मायचा पत्ता बाहेर काढला. गोधड्यायखालून तिनं तो कवा काढला, मले कळलंच नव्हतं.

मले वाटलं, संपलं. आता ही मान हलवणार.

तिनं पत्ता टेबलावर ठेवला. अंगठा तोंडात घालून चांगला ओला केला, अन् जशी पाटी पुसतात तसं ते कुंकू पुसाले लागली. लाल रंग आधी पसरला, पार केसापर्यंत गेला. तिनं पुन्हा अंगठा चाटला, पुन्हा घासलं. मंग परकराच्या टोकानं कोरडं केलं. तोंड खाली घालून पाह्यलं, बरोबर झालं का म्हणून. अन् मंग तो पत्ता घेऊन माझ्याकडे आली, माझ्या छातीले लावला अन् हातानं दाबून धरला.

पहिल्या वेळी मले धरायले चार बाया लागल्या होत्या, तरी मी सुटून सुटून पडत होती. ह्या वेळी मी हलली नाही. माझ्या पोट्टीनं मले ओळखलं होतं, जशी आहे तशी ओळखलं होतं, अन् साऱ्या वर्गासमोर सांगतलं होतं. मी तिथंच वर्गात खाली बसली अन् तिले पोटाशी धरून ढसाढसा रडली.

हेडमास्तर उगाच सुपारीची डबी उघडत अन् बंद करत होते. माझ्याकडे न पाहता बोलले, "पाटी हाये का तिच्यापाशी?"

"फुटकी हाये."

"फुटकी चालते. उद्यापासून पाठव." अन् मंग पोरायवर वरडले, "तुम्ही काय पाहून राह्यले बे? पाढे म्हणा!"

दुसऱ्या दिवशी तिले मागच्या रांगेत बसवून मी बुलढाण्याले गेली. पेंटर घरीच होता. मी सगळे पत्ते त्याच्यापुढं ठेवले.

"रोगण लावा."

तो एकेक पत्ता उलटून पाहून राह्यला होता. मायच्या पत्त्यापाशी थांबला. कपाळावरचा कागद खरवडला होता अन् केसापर्यंत लालसर डाग उरला होता.

"हे कोणी केलं?"

"जिच्यासाठी काढलं होतं, तिनं."

त्यानं माझ्याकडे पाह्यलं. शाळेत काय झालं ते त्यानं इचारलं नाही, अन् मी सांगतलं नाही. मंग त्यानं ब्रश हातात घेतला. "डाग वाईट दिसतोय," म्हणाला. "द्या, कपाळाचा रंग भरून नीट करून देतो. बांगड्याही काढून टाकतो."

म्हणजे आता हात धजला!

"हात लावू नका," मी म्हटलं. "तुम्हाले सांगतलं होतं तवा तुम्ही लावला नाही. आता नुसतं रोगण."

"बाई, डाग तसाच राहील."

"राहू द्या."

त्यानं ब्रश खाली ठेवला अन् रोगणाची बाटली काढली. त्याच्या बायकोनं मले पाणी आणून दिलं, ते मी घेतलं. त्याच्याशी मी पुन्हा बोलली नाही. रोगण वाळेपर्यंत त्याच्या दारातच उभी राह्यली. एकदा रोगण बसलं की बदल होत नाही, हे त्यानंच सांगतलं होतं. त्या कपाळावर आता कोणाले काही लावता येणार नव्हतं, अन् कोणाले काही पुसताही येणार नव्हतं.